सांगून जायचं

सेनगावात आता अनुबाईंचं नाव निघालं की लोक कानशिलाजवळ बोट नेऊन गोल फिरवतात. म्हणजे डोकं फिरलेली बाई. बोट फिरवणाऱ्यांत असे कितीतरी आहेत, ज्यांची लेकरं बाईंच्या मांडीवर बसून शू लागली ते सांगायला शिकली. मला असं कुणी दिसलं की मी गाडी बाजूला घेतो आणि विचारतो, काय वाईट केलं हो बाईनं तुमचं? मग म्हणतात, तसं न्हाई गणपतराव, पण बाई भांडखोर होती. होतीच. मी कुठं नाही म्हणतो? माझ्याशी तर पहिल्याच दिवशी भांडली.

माझी जीप आहे. तांड्यावरची लेकरं सकाळी सेनगावच्या बालवाडीत आणायची आणि शाळा सुटली की परत नेऊन सोडायची, हा माझा धंदा. पुसेगावच्या रस्त्यानं गेलं की एक फाटा लागतो, तिथून आत तांडा. पहिल्या दिवशी मी लेकरं भरून आणली, बालवाडीसमोर थांबलो आणि हॉर्न दाबला. आतून एक ठेंगणी, अंगानं भरलेली बाई पदर खोचत बाहेर आली.

"हॉर्न कुणासाठी वाजवला?"

"लेकरं आणलीत बाई. उतरून घ्या."

"रस्त्यात ढोरं आडवी आली की हॉर्न वाजवतात. लेकराला नाव असते. नाव घ्या अन् एकेकाला उतरवा."

मला नावं कुठं माहीत? बाईंनी मला तिथंच उभं करून एकेका लेकराला नाव विचारायला लावलं. पानटपरीवरची माणसं बघून हसून राहिली होती. माझ्या गाडीपाशी येऊन मला शिकवणारी ही कोण, असं मनात आलं आणि दिवसभर मी धुसफुसत राहिलो. पण दुसऱ्या दिवशी नावं घेऊन उतरवलं आणि आठवड्याभरात लेकरं काका-काका करत माझ्या अंगावर चढायला लागली. तेव्हापासून आजपर्यंत मी लेकरांसाठी हॉर्न वाजवलेला नाही.

शाळा सुटेपर्यंत मी गाडीतच आडवा व्हायचो. बाईंना तेही बघवेना. "उन्हात काहून पडता? आत या, भिंतीला टेकून बसा." अशा रीतीनं मी चाळिशी उलटल्यावर बालवाडीत बसलो. म्हणून हे सगळं मी सांगू शकतो. ऐकीव नाही.

अनुबाई औंढ्याकडच्या, पुजाऱ्याच्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर चालत्या गाडीतून उतरून गेल्या असत्या. सेनगावात एका खोलीत राहायच्या आणि ती बालवाडी सुरू झाल्यापासून तिथंच शिकवायच्या. दारात आलेल्या माणसाला दारातच उभं ठेवणं त्यांना खपायचं नाही. कुणी आई लेकराला उंबऱ्यावर सोडून वळली की बाई तिचा हात धरायच्या. "कुठं चालल्या? आज तुमचापण पहिला दिवस हाय."

आणि खरंच बसवायच्या. आई, बाप, आजा, जो कुणी सोडायला आला असेल तो. लेकरांसोबत हात धुवायचे, गोलात बसायचं, गाणं म्हणायचं, खिचडी खायची, सतरंजीवर डोळे मिटून पडायचं. हरभऱ्याच्या शेतातून थेट आलेला एक बाप सतरंजीवर पडला तो असा घोरायला लागला की लेकरं हसून हसून लोळली. बाईंनी त्याला उठवू दिलं नाही. म्हणाल्या, "लेकरानं बघितलं ना, आपला बाप इथं निवांत झोपला? आता त्याला भीती राह्यची न्हाई."

स्वतः बाई खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. जमिनीवर बसायच्या आणि मग त्यांना उठता यायचं नाही. गुडघे धरायचे. तेव्हा ज्या लेकराचं रडं सगळ्यात मोठं असेल, त्याच्याकडे हात करायच्या. "ए, इकडं ये. मला उठव." ते लेकरू नाक पुसत यायचं, दोन्ही हातांनी बाईंचा हात ओढायचं आणि बाई हळूहळू उठायच्या. एवढी मोठी बाई आपण उठवली म्हणताना त्याचं रडणं तिथंच जिरायचं. गुडघे खरंच दुखायचे का सोंग होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण बाईंचा जो खरा हट्ट होता, ज्याच्यासाठी त्या कुणाच्याही अंगावर जायच्या, तो एकच. लेकराला सांगून जायचं. आया काय करतात? लेकरू खेळण्यात गुंतलं की चपला हातात घेऊन मागच्या मागं सटकतात. नाहीतर "चॉकलेट घेऊन आलेच" म्हणतात आणि जातात त्या दुपारी उगवतात. बाई अशा आयांना रस्त्यातून परत आणायच्या. "चोर हाव का तुमी? त्याच्या तोंडासमोर बसा. सांगा की मी चालले, खिचडी झाली, झोप झाली की येते. रडू द्या. रडून गप होते ते. फसवलेलं गप होत न्हाई, ते नुस्तं पाहत राहते." आणि ठरलेल्या वेळेला आई आली नाही, तर त्या आईचं काही खरं नसायचं.

मोठ्या माणसांनाही सोडायच्या नाहीत. जूनमध्ये प्रवेशाचा कार्यक्रम असतो. परातीत कुंकवाचं पाणी करतात, नव्या लेकराचे पाय त्यात बुडवतात आणि पांढऱ्या कागदावर पाऊल उठवून फोटो काढतात. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आले होते, फोटोवाला आला होता, आणि एक पोरगं बिचारं आईच्या मानेला मिठी मारून किंचाळून राहिलं होतं. दोघंजण त्याचे पाय ओढून परातीकडे न्यायला लागले. बाई मध्ये पडल्या. "थांबा. आधी पावण्याचं पाऊल." अध्यक्षांना वाटलं चेष्टा आहे. बाई परात घेऊन त्यांच्या पुढ्यातच बसल्या. "लेकराला दिसू द्या की पाय भिजवल्यानं काही होत न्हाई." लोक बघून राहिले होते, म्हणून त्या माणसाला बूट काढावे लागले. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला. अख्ख्या बालवाडीनं तो बघितला. त्यांचं लाल पाऊल कागदावर उठलं आणि ते किंचाळणारं पोरगं आपणहून परातीत उतरलं. अध्यक्ष फोटोत हसले, पण ती गोष्ट त्यांनी मनात ठेवली.

पुढच्या वर्षी अध्यक्षांना बालवाडी मोठ्या शहरासारखी करायची लहर आली. नाव इंग्रजी झालं, भिंतींवर ससे-अस्वलं आली आणि समोर मोठं लोखंडी गेट बसलं. गेटवर वॉचमन. शहरातून एक मॅडम आणून सगळ्यांच्या डोक्यावर बसवली. तिनं नियम काढला की पालकांनी लेकरू गेटवर द्यायचं आणि गेटवरूनच घ्यायचं. आत पाऊल टाकायचं नाही. आता मला सांगा, जिनं इतकी वर्षं माणसं हाताला धरून आत नेली, तिच्या दाराला हे गेट. माझं तर डोकंच उठलं. बाई मात्र पहिले काही दिवस गेट दिसतच नसल्यासारख्या वागल्या. बाहेर यायच्या, वॉचमनला बाजूला सारायच्या आणि ज्याला आत घ्यायचं त्याला घ्यायच्या.

त्याच हिवाळ्यात पायल आली.

पायल तांड्यावरची, चार वर्षांची. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला गेले. जाताना लेकरू रडेल म्हणून ती झोपेत असतानाच ट्रकमध्ये बसून निघाले. तांड्यावर बहुतेक लोक असंच करतात, मायेपोटीच करतात. पोरगी उठली तर घरात दोघंही नाहीत. तेव्हापासून तिनं आजीच्या घागऱ्याचा काठ मुठीत धरला तो सोडलाच नाही. झोपेतसुद्धा मूठ आवळलेली. आजीचं नाव सक्रीबाई, पण पोरगी दादी म्हणायची म्हणून आम्ही सगळेच दादी म्हणायचो. जुन्या वळणाची म्हातारी, अजूनही आरशांची काचोळी घालणारी, दंडापर्यंत बांगड्या. ती नातीला घेऊन माझ्या गाडीत बसली आणि बाईंनी दोघींना सरळ वर्गात नेलं.

दादी रोज यायला लागली. दाराजवळच्या कोपऱ्यात बसायची, पायल तिला चिकटून. बाईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, "ती मूठ मी सोडवणार न्हाई. ती सोडंल तवा सोडंल." हळूहळू पायल दादीपासून हातभर लांब बसायला लागली. मग गोलात आली, पण वळून वळून बघायची. एके दिवशी गाणं म्हणताना तिनं दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे घागरा सुटला होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी बघितलं म्हणून माझ्यावरच खेकसल्या.

पण गावातल्या काही आयांना म्हातारी खुपायला लागली. पालकसभेत एका दुकानदाराची बायको उठली. "ती म्हातारी वर्गात काहून बसते? धुराचा वास येते तिला."

"चुलीचा वास हाय तो," बाई म्हणाल्या. "नातीला गरम भाकर करून आणते ती. तुमच्या पोराच्या डब्यात आज काय होतं?"

बिस्किटं होती. बाईंनी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण थांबतील तर अनुबाई कशाच्या? मग कुणाचं लेकरू उपाशी येतं, कुणाचं आंघोळीवाचून येतं, कोण बाप वेळेवर न्यायला येत नाही, सगळं काढलं. अर्धी सभा रागावून उठून गेली. मॅडमला तेच हवं होतं.

थोड्याच दिवसांत बाईंना एका प्रशिक्षणाला हिंगोलीला पाठवलं. त्या गेल्या त्याच दिवशी मॅडम वर्गात आली आणि दादीला म्हणाली, "आजी, जरा ऑफिसात चला, अंगठा द्यायचा आहे." म्हातारी उठली. तिला ऑफिसात न नेता थेट गेटबाहेर काढलं आणि कडी लावली. लेकरांनी मला नंतर गाडीत सांगितलं, आत पायलनं विचारलं, "दादी?" तर मॅडम म्हणाली, "पाणी प्यायला गेली. येईल आता."

मी गेटबाहेरच होतो. वॉचमनशी भांडलो, शिव्या दिल्या, गेट हलवलं. तो म्हणे माझी नोकरी जाईल. म्हातारी रस्त्यावर बसून राहिली. गेटच्या फटीतून ओसरीवरची पाण्याची टाकी दिसायची. पायल त्या टाकीपाशी येऊन उभी राहिली. नळाला हात लावून. खिचडी झाली, झोपेची वेळ झाली, ती तिथंच. रडली नाही. दादी बाहेरून हाका मारायची, पण आत गाण्यांचा भोंगा लावलेला, ऐकू कसं जाणार? दिवसभर चार वर्षांचं लेकरू पाण्यापाशी उभं आणि मॅडम ऑफिसातून बघून वॉचमनला म्हणते कशी, "बघा, रडतसुद्धा नाही. उगीच लाड होते." आजही हे आठवलं की हात शिवशिवतात.

शाळा सुटली, गेट उघडलं. दादी दोन्ही हात पसरून पुढं झाली. पायल तिच्या बाजूनं निघून गेली आणि गाडीत मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली. म्हातारी रस्ताभर सांगत होती, मी न्हाई गेले ग, मला काढलं ग. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. त्या दिवसानंतर तिनं दादीचा घागरा धरला नाही. दादीशी बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी गाडी बघून ती घराच्या मागं लपली आणि तिची शाळा बंद झाली.

बाई परत आल्या तेव्हा मीच सगळं सांगितलं. त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"तांड्यावर चला अन् त्या लेकराची माफी मागा."

"बाई, काय बोलून राहिल्या? लहान मुलं आहेत. दोन दिवसांत विसरतात."

"तुमी विसराल. तिला एकदा आईबापानं फसवलं, ते मायेनं फसवलं. दुसऱ्यांदा शाळेनं फसवलं, माझ्या वर्गात. आता ती कुणाचं काय खरं मानील?"

मॅडम गेली नाही. बाईंनी रजा टाकली आणि सकाळी माझ्या रिकाम्या गाडीत बसून तांड्यावर आल्या. पायलच्या घरासमोर ओट्यावर बसल्या. पोरगी आत निघून गेली. बाई म्हणाल्या, "बरं. ती म्हातारी माझ्या वर्गात बसली ना किती दिवस? आता मी हितं बसते." आणि बसल्या. तांड्यावरच्या बायांना नवल. कुणी चहा दिला, कुणी तुरी सोलायला दिल्या. बाई सोलत बसायच्या. बोलायच्या फार नाहीत. निघताना दाराशी जाऊन आतल्या अंधाराला सांगायच्या, "पायल, मी आता जाऊन राहिले. उद्या गणपतकाकाच्या गाडीत येते." आणि यायच्या. रोज.

एके दिवशी फाट्याच्या अलीकडेच माझ्या गाडीची क्लच वायर तुटली. मी म्हटलं, बाई, आज राहू द्या, उद्या जाऊ. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच खाली बघितलं. उतरल्या आणि चालायला लागल्या. मी गाडी तिथंच सोडून मागं निघालो. ऊन वर आलेलं, रस्त्याला झाड नाही, बाईंचे गुडघे तसले. दर थोड्या वेळानं थांबायच्या आणि अध्यक्षापासून क्लच वायरपर्यंत सगळ्यांना शिव्या द्यायच्या. तांड्यावर पोचलो तर पायल वाटेच्या तोंडाशी उभी. आम्हाला बघून पळाली. बाई ओट्यावर टेकल्या, धाप लागलेली. थोड्या वेळानं पोरगी बाहेर आली, हातात पाण्याचा तांब्या. बाईंना दिला. मग आत गेली, परत तांब्या भरून आणला आणि दादीसमोर धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हातारीनं तांब्या घेतला आणि ती ढसाढसा रडली. बाईंनी पाणी पिऊन तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "बघता काय, जा गाडीचं बघा."

पायल सुधारून राहिली होती. बाई रजा संपवून शाळेत गेल्या. सोबत मी होतो, गाडीत लेकरं होती. गेट लेकरांसाठी उघडलं आणि बाईंच्या तोंडावर बंद झालं. वॉचमन खाली बघत म्हणाला, "बाई, तुमाला आत सोडायचं न्हाई असं सांगितलंय. तुमच्या वर्गावर नव्या टीचर आल्यात." सगळी उमर तिथं गेली आणि एवढंच, वॉचमनच्या तोंडून. अध्यक्ष खाली आले नाहीत, मॅडम बाहेर आली नाही.

मला वाटलं आता बाई गेट डोक्यावर घेतील. त्यांनी आवाज चढवला नाही. असं मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "मला वर्ग नको. फक्त आत जाऊन लेकरांना सांगू द्या. मी आता येणार न्हाई, एवढं सांगते अन् निघते."

वॉचमन आत जाऊन विचारून आला. नाही म्हणाले.

बाई तशाच गेटच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. मग निघून गेल्या. दुपारी लेकरं माझ्या गाडीत बसली आणि एक पोरगं म्हणालं, "काका, बाई गावाला गेल्यात, उद्या येनार हायेत. टीचरनं सांगितलं." मी खरं काय ते सांगितलं, पण लेकरं टीचरचंच धरून बसली. रोज सकाळी गाडीतून उतरताना विचारायची, आज बाई आल्या का? किती दिवस विचारत होती, मला सांगवत नाही. त्या माणसांनी नोकरी घेतली ती घेतली. पण जी बाई आयुष्यभर कुणाला न सांगता गेली नाही, तिला त्या लेकरांच्या मनात पळून गेलेली करून ठेवली. याला माफी नाही. मी तरी देणार नाही.

जूनमध्ये पायलला तांड्यावरच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं ठरलं. नुकतीच तिथं लहान लेकरांचाही वर्ग सुरू झाला होता. बाई माझ्या गाडीतून आल्या. आईबाप ऊस संपवून परतले होते, पण पेरणीला रानात गेलेले; पायल एका हातानं दादीला आणि एका हातानं बाईंना धरून शाळेपर्यंत चालली. दारात एक तरुण गुरुजी उभा होता, चांगला पोरगा होता, हसून म्हणाला, "या, आत या सगळे." पायलनं आत डोकावलं. आत तांड्यावरचीच पोरं. तिनं दोघींचे हात सोडले, "जा तुमी, खिचडी झाल्यावर या," असं आपणच सांगितलं आणि आत पळाली. वळूनसुद्धा बघितलं नाही.

दादी खुशीत घराकडं वळली. मी गाडीकडं निघालो. बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ झाला तरी उठेनात, तेव्हा गुरुजी बाहेर आला.

"बाई, पोरगी रमली की. बघा, खेळून राहिली. आता तुमी बिनघोर जा."

"व्हय," बाई म्हणाल्या. "रमली." आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग त्या पोराकडं बघून, खरंच विचारावं तसं विचारलं, "पण मी कुठं जाऊ, गुरुजी?"